सुटलेल्या वळणावरचा मुक्काम

गाडी थांबली की मोजणीदार आधी उतरून जमीन हुंगतो, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची. हुंगत नसे तो. वाकून हद्दीचा दगड शोधत असे. पण लांबून बघणाऱ्याला फरक कळला नसता, हे मात्र खरं.

चौतीस वर्षं त्यानं लोकांच्या जमिनी मोजल्या. आधी लोखंडी साखळीनं, मग फितीनं, शेवटी शेवटी तीन पायांवरच्या यंत्रानं. कचेरीत पाठीमागं त्याला ‘इंचभर’ म्हणत. कुणी पाया पडो, चहा पाजो, नाहीतर कुऱ्हाड घेऊन अंगावर येवो, हा गडी इंचभर इकडं सरायचा नाही की इंचभर तिकडं. कुणाच्या गोठ्याचा कोपरा वीतभर शेजाऱ्याच्या हद्दीत गेला की याच्या कागदावर तो लाल शाईत यायचा, आणि लाल शाईत आला की पडायचा. पाडापाडीला हा स्वतः कधी थांबला नाही. पण याचं माप चुकलं, असंही कधी कुणाला म्हणता आलं नाही. एवढ्या एका गोष्टीवर त्यानं आयुष्यभर मान ताठ ठेवली होती.

या नोकरीत त्यानं अर्ध्याहून जास्त रात्री तंबूत काढल्या. बायको घरी शिलाईचं यंत्र चालवत बसायची. तो परत आला की पायातले काटे काढता काढता सांगायचा, आज तळ्याकाठी निजलो, काल डोंगराच्या खांद्यावर. ती दातानं दोरा तोडायची आणि म्हणायची, “मजा आहे बाबा एकेकाची.” तेव्हा तो म्हणायचा, निवृत्त झालो की तुला नेईन. एक तरी सकाळ पाण्याकाठी डोळे उघडशील. हे वाक्य त्यानं इतकी वर्षं म्हटलं होतं की त्याचा रंग उडून गेला होता.

आणि निवृत्तीनंतर त्यानं खरंच एक जुनी पावाची गाडी घेतली. घासूनपुसून झाली तरी उन्हात तापली की आतून खमंग भाजका वास यायचा आणि उगीच भूक लागायची. बायकोनं गाडीसाठी गाद्या शिवल्या, खिडकीला पडदे शिवले, चमच्यांना कप्पे असलेली एक लांब पिशवी शिवली. लॉजवर राहण्याची ऐपत नव्हती; पैसे भरून तंबू ठोकायच्या जागाही परवडण्यासारख्या नव्हत्या. म्हणजे मुक्काम फुकट हवा. आणि मोजणीदाराचा स्वभाव बघता कायदेशीरही हवा. लोक गाडी कुठंही लावून निजतात. याचं दुसऱ्याच्या जमिनीवर चाक गेलं तरी हा गाडी मागं घ्यायचा.

त्यावर त्यानं एक युक्ती काढली होती, आणि ती मोजणीदारालाच सुचावी अशी. जुने रस्ते वळणं घेत जायचे. मग कधीतरी रस्ता सरळ करतात, आणि वळणाचा तुकडा बाजूला सुटून राहतो. जमीन रस्तेखात्याचीच असते, पण रस्ता तिच्यावरून जात नाही. तिथं ना कुणाचं पीक, ना कुणाचं कुंपण. वाटसरूनं एक रात्र थांबावं, नियमात बसतं. अशी तेवीस सुटलेली वळणं त्याच्या खाजगी वहीत होती. प्रत्येकाला खूण केलेली: सावली आहे, पाणी आहे, माती पक्की आहे.

पण वही जुनी, आणि जग काही वहीला विचारून चालत नाही. पहिल्या दिवशीच्या वळणावर उकिरडा निघाला. नाकाला रुमाल बांधून निजले. दुसऱ्या दिवशीच्या वळणावर एकानं पंक्चरचं दुकान टाकलं होतं. मोजणीदार त्याला जमीन कुणाची हे समजावायला गेला, तर त्यानं टायर काढायची पहार उचलली. तिसऱ्या दिवशी वनखात्याचा गस्तवाला मोटारसायकलवरून आला. वळण त्याच्या झाडांच्या पट्ट्यात धरलं गेलं होतं म्हणे. त्यानं गाडीचा नंबर लिहून घेतला, आणि स्टोव्हवरचा चहा तसाच टाकून दोघांना उठावं लागलं.

त्या संध्याकाळी बायकोनं पर्समधून एक कागद काढून त्याच्यापुढं धरला. बसचं वेळापत्रक. कुठल्यातरी थांब्यावर मिळालेलं, नीट चार घड्या घातलेलं.

“हे कशाला?”

“आणखी एकदा कुणी हाकललं की मी बसनं घरी. या वयात कुणी ‘ए, उठा’ म्हटलेलं मला सोसत नाही. तुम्ही बसा दगड हुंगत.”

“अगं, उद्याची जागा मी स्वतः मोजलेली आहे. तिथं चूक व्हायची नाही.”

“बघू,” ती म्हणाली आणि कागदाची घडी पुन्हा पर्समध्ये गेली.

तेव्हापासून मोजणीदाराच्या छातीवर ती घडी जाऊन बसली होती. ती बसनं गेली तर सहल मोडेल एवढंच नव्हतं. पुन्हा ‘तुला नेईन’ म्हणायला तोंड राहणार नव्हतं. आणि दुसरं काही द्यायला त्याच्याकडं होतं कुठं?

चौथ्या दिवशी दुपार कलता कलता गाडी त्या मोरीपाशी आली. रस्त्याखालून पाणी जायची दगडी मोरी, तीस वर्षांपूर्वी होती तशीच. तिथून गाडीवाट धरून आत गेलं की डाव्या हाताला भोपळ्याचं शेत, पुढं मऊ गवताची सपाट पट्टी, तिच्यापुढं उघडा खडक, आणि खडकाच्या टोकाला जुन्या रस्त्याच्या डांबराचे तुकडे पाण्यात उतरत गेलेले. समोर तळं.

बायको उतरली. चपला काढल्या आणि गवतावर चार पावलं चालून बघितली. मग मागं वळून म्हणाली, “इथं?”

“इथंच.”

“नक्की?”

“तो बघ दगड.” शेताच्या कडेला, गवताच्या सुरुवातीला, गुडघाभर उंचीचा दगड उभा होता. डोक्यावर कोरलेली फुली. त्याच्या देखत कोरलेली. “दगडाच्या अलीकडं शेत, पलीकडं सरकारी. आज कुणाचा बापही उठवायला येत नाही.”

तीन दिवसांत पहिल्यांदा ती हसली. गवताच्या पट्टीत एका जागी बशीसारखा खोलगट भाग होता, तिथं वारा लागत नव्हता. तिनं तिथं स्टोव्ह मांडला आणि बटाटे सोलायला घेतले.

आता खरं तर मोजणीदारानं गप पाय पसरून बसायचं. पण सवय. मोजल्याशिवाय त्याला ताटावरही बसवत नसे. “जरा पाय मोकळे करून येतो,” म्हणून तो मोरीपाशी गेला आणि पावलं टाकत परत निघाला. त्याचं पाऊल म्हणजे अडीच फूट, झोपेत टाकलं तरी अडीच फूट. वहीत लिहिलेलं होतं: मोरी ते दगड, एकशे साठ पावलं.

दगडाला गुडघा टेकला तेव्हा मोजणी एकशे अठ्ठेचाळीस झाली होती.

म्हातारपण, तो मनाशी म्हणाला. मोजताना आकडे गळले असतील. चालताना बटाट्यांकडं लक्ष गेलं असेल. परत गेला, परत आला. एकशे अठ्ठेचाळीस. मग त्यानं खिशातली फीत काढली, दगडाखाली तिचं टोक अडकवलं, टप्प्याटप्प्यानं मोरीपर्यंत मोजत गेला. फितीला म्हातारपण नसतं. बारा पावलं कमी. तीस फूट.

दगड कुणी हलवला असेल? हे तर त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलं होतं, आवाज चढवून. त्यानं बुडाशी बोटांनी माती उकरली. खाली फरशीचे तीन तुकडे त्रिकोणात ठेवलेले. दगड रोवताना खाली अशी खूण ठेवायची त्याची पद्धत होती. म्हणजे दगड हललेला नव्हता. तो इथंच रोवला होता. त्यानंच.

आणि मग ती दुपार हळूहळू वर आली, विहिरीतून बादली यावी तशी. खरी जागा पुढं त्या खडकावर होती. मजुरांनी पहार मारली तर ठिणग्या उडाल्या. मजूर म्हणाले, साहेब, इथं सुरुंगच लागेल. तो म्हणाला, आजच्या दिवस मागं मऊ मातीत रोवून ठेवा, उद्या छिन्नी आणून खडकात बसवू. तेवढ्यात कचेरीची जीप आली. ड्रायव्हरनं खालूनच ओरडून सांगितलं, तुमच्या मंडळींना दवाखान्यात नेलंय, दिवस भरले. तो तसाच जीपमध्ये बसला. मुलगी झाली. आठ दिवसांनी कामावर आला तर बदलीचा हुकूम टेबलावर. वहीतलं माप बरोबर, नकाशा बरोबर, सगळे कागद बरोबर. फक्त दगड तीस वर्षं चुकीच्या जागी उभा होता, आणि लोक काही नकाशा बघत नाहीत, दगड बघतात.

म्हणजे गाडी उभी होती ती पट्टी सरकारी नव्हतीच. ती शेताची होती.

तो मातीनं भरलेली बोटं विजारीला पुसत होता, तेवढ्यात खडकावरून एक बाई येताना दिसली. त्याच्याच वयाची, डोक्याला फडकं गुंडाळलेली, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बादल्या. तळ्यावरून शेतात पाणी नेत होती. आता ही हाकलणार.

“मुक्कामाला का?” तिनं बादल्या खाली ठेवल्या.

बायकोच आधी बोलली, “हो ताई. एक रात्र. सकाळी जागा झाडून देऊ.”

“मला कशाला देता झाडून? माझी कुठं आहे? त्या दगडापासून पुढं सगळं सरकारचं. रहा नाहीतर लोळा.” ती मोजणीदाराकडं वळली. “त्या दगडाशी काय उकरताय?”

“काही नाही. मुंग्या होत्या.”

चौतीस वर्षांत तो खोटं बोलला नव्हता अशातला भाग नाही, पण एवढं वाईट कधीच बोलला नव्हता.

बाईचं लक्ष स्टोव्हकडं गेलं. “चूल बरी जागा बघून मांडलीत. तिथं आमची विहीर होती. व्हायची होती म्हणा. मालकांनी अठरा हात खणली. ओलावा लागला आणि कचेरीची माणसं आली. दगड दाखवला. म्हणाले, सरकारी जमिनीत खणलंत, बुजवा. आमच्याच हातानं बुजवून घेतली.”

“अरेरे,” बायको म्हणाली.

“मालक शेवटपर्यंत म्हणायचे, दगड चुकलाय. पावलं टाकत बसायचे येडबंबूसारखे. लोक हसायचे. मीसुद्धा हसायची. म्हणायची, सरकारी माणूस चुकला आणि तुम्ही बरोबर, होय?” तिनं बादल्या उचलल्या. “गेले त्याला नऊ वर्षं झाली. मी आपली पाणी वाहतेय.”

ती वेलांत दिसेनाशी झाली. बादल्यांच्या कड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मोजणीदार गाडीच्या पायरीवर बसला आणि मनातल्या मनात कागद मांडायला लागला. दगडाप्रमाणं बघितलं तर ते कायदेशीर बसले होते. मालकीणच रहा म्हणाली होती. उद्या सकाळी बायकोला पाणी दिसेल, चहा होईल, गाडी चालू होईल, आणि या जन्मात इथं परत यायचं कारण नाही. कुणाला कळणार आहे? नकाशा कचेरीच्या कपाटात, आणि कपाटात उंदीर. उलट सांगितलं तर? बाई चिडेल. चिडायलाच हवी. अठरा हात विहीर, वर नऊ वर्षांच्या बादल्या. ती हाकलेल, आणि हाकललं की पर्समधला कागद बाहेर येईल. एका वाक्यात दोन बायका हातच्या जातील, आणि ‘इंचभर’ म्हणवणारा माणूस बारा पावलं चुकलेला निघेल.

सूर्य तळ्यावर हातभर उरला होता. बायकोनं पुढ्यात ताटली ठेवली. त्यानं बटाट्याची एक फोड उचलली, परत ठेवली.

“तोंडाला कुणी टीप घातलीय का?” बायको म्हणाली.

“भूक नाही.”

“पावाच्या गाडीत बसून भूक नाही? दुपारपासून तीनदा मोरीपर्यंत गेलात. मी बटाटे सोलत होते, आंधळी झाले नव्हते. काय कमी पडलं?”

तिनं असं विचारल्यावर त्याच्यानं राहवेना. सांगून टाकलं. खडक, पहार, जीप, सगळं. सांगताना तो तिच्याकडं न बघता ताटलीकडं बघत होता.

बायकोनं हातातली ताटली खाली ठेवली. मग म्हणाली, “म्हणजे आता हे माझ्या बाळंतपणावर आलं?”

“तसं नाही म्हणत मी—”

“मी निरोप पाठवला होता, दगड टाकून या म्हणून?”

“अगं हळू.”

“माझं माप चुकलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात. काखेत घट्ट होतंय, उसवून द्या. मी उसवते, फुकट परत शिवून देते, वर बोलणी खाते. तुमचं गिऱ्हाईक तीस वर्षं आलं नाही, कारण त्याला तुमचं घर माहीत नव्हतं.” तिनं स्टोव्ह बंद केला. “जा. अंधार पडायच्या आत जा.”

“ती हाकलेल.”

“हाकलू दे.”

“मग तू बसनं...”

“ते माझं मी बघेन. आधी जा.”

बाईचं घर वेलांच्या पलीकडं. पत्र्याचं छप्पर, ओट्यावर भोपळे रचलेले, दोन शेळ्या. ती बादल्या पालथ्या घालत होती. मोजणीदारानं वही हातात धरली होती. मोकळ्या हातांनी उभं राहायचा त्याला सराव नव्हता. वाटेत त्यानं चार वाक्यं जुळवली होती. तोंडातून एकच आलं.

“तुमचे मालक बरोबर होते. दगड चुकलाय. तो मी रोवला.”

बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुम्ही?”

“मी. तीस फुटांनी मागं. विहीर तुमच्याच जमिनीत होती.”

शेळीनं ओट्यावरचा भोपळा हुंगला. बाईनं न बघताच तिला बाजूला सारलं. मोजणीदार वाट बघत होता. रडेल, ओरडेल, बादली फेकून मारेल. कशालाही तो तयार होता.

“म्हणजे गाडी माझ्या जमिनीत उभी आहे,” बाई म्हणाली.

“हो.”

“कुणाला विचारून?”

“कुणाला नाही.”

“मग काढा. आत्ताच्या आत्ता.”

“काढतो.”

“आणि सकाळी फीत घेऊन या. खरा दगड कुठं पाहिजे ते दाखवा. आणि लिहून द्या, सहीनिशी. तुमची सही चालो न चालो. मला ती कचेरीत नाचवायची आहे.” तो वळला तशी ती मागून म्हणाली, “मुंग्या होत्या म्हणे!”

तो परत आला तर बायकोनं गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या, ताटल्या पिशवीच्या कप्प्यांत गेल्या होत्या. पर्स खांद्याला.

“हाकललं,” तो म्हणाला.

“हाकललं कुठं? मालकिणीनं आपल्या जागेतून उठवलं. तेवढं कळतं मला. चला, पलीकडं बारा पावलांवर सरकारी जागा आहे ना? ती तरी खरी आहे की तीही तुम्हीच मोजलीय?”

“मीच मोजलीय. पण ती खरी आहे.”

ती खरी होती, पण खडकाची होती. पुढची चाकं वर, मागची खाली, असं तोंड वर करून गाडी कशीबशी उभी राहिली. त्यानं चाकांना दगड लावले, मग त्या दगडांना दगड लावले. रात्रभर गाद्या घसरत होत्या आणि बायको त्याच्या अंगावर येऊन पडत होती. एकदा बटाट्यांची पिशवी सुटली आणि सगळे बटाटे गडगडत मागच्या दारावर जाऊन आदळले. “कायदेशीर आहेत ना?” ती अंधारात म्हणाली. त्याला झोप लागली नाही. आता कुणी उठवेल अशी धास्ती नव्हती, जागा नियमात होती. पण ती बाई सकाळी कसं बघेल, खडकात खूण सापडेल का, आणि नाही सापडली तर काय, हेच डोक्यात फिरत राहिलं.

उजाडलं तेव्हा मागच्या दाराच्या काचेत पाणीच पाणी होतं. गाडी कलती असल्यानं दुसरं काही दिसतच नव्हतं. बायको उताणी पडून बघत होती.

बाई उजेड पडायलाच मोरीपाशी येऊन उभी होती, हातात पहार आणि चुन्याची पिशवी. मोजणीदारानं फीत काढली. एक टोक धरायला माणूस लागतो. चौतीस वर्षं ते टोक मजुरानं धरलं होतं.

“आणा इकडं,” बायको म्हणाली. “मी काय नवीन धरतेय का?”

तिनं टोक मोरीच्या कडेला अंगठ्यानं दाबून धरलं, असं की हलायची टाप नव्हती. तो एकेक टप्पा मोजत गेला, ती मागून येत गेली. प्रत्येक टप्प्याला ती विचारायची, “ओढून धरलीय ना? सैल माप घ्यायचं नाही.” बाई मधून चालत स्वतःची पावलं मोजत होती, ओठ हलवत. तिच्या नवऱ्यानं शिकवली असावीत.

चारशे फूट. खडक. मोजणीदार गुडघ्यावर बसला, शेवाळ खरवडलं. पहारेच्या टोकाचे तीन पांढरे ओरखडे होते तिथं, एकाशेजारी एक. बाई वाकून बघत राहिली. मग तिनं चुन्याची मूठ भरली आणि ओरखड्यांवर आपटली.

“एकशे साठ,” ती म्हणाली. “ते हेच म्हणायचे.”

आता लिहून द्यायचं. वही भरलेली होती. मोकळी पानं मागं दोनच, पण मोजणीच्या वहीचं पान फाडायचं नसतं. पानांवर अनुक्रमांक असतात, आणि चौतीस वर्षांत त्यानं एक पान फाडलं नव्हतं. तो खिसे चाचपायला लागला. बायकोनं पर्स उघडली आणि चार घड्यांचा कागद काढून त्याच्यापुढं धरला.

“मागची बाजू कोरी आहे,” ती म्हणाली. “आणि लाल शाईत लिहा.”

त्यानं गाडीच्या पत्र्यावर कागद टेकवला. पत्रा कलता होता, म्हणून पहिली ओळ वाकडी गेली. त्यानं ती खोडली नाही. पुढची सरळ लिहायला घेतली.